लम्पीच्या साथीतील साथ-तपासणी : एका गोपालकाचे परीक्षण

सप्टेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गोठ्यावर जी साथ-तपासणी झाली, तिचे परीक्षण लिहायचे राहून गेले होते. दूध काढण्याच्या यंत्राचे, कडबाकुट्टीचे आणि पशुखाद्याच्या पोत्याचे बरेवाईट अनुभव लोक आवर्जून लिहितात. परंतु साथीच्या काळात सरकारी पथकाबरोबर येणारा, सुईला हातही न लावणारा आणि तास-दीड तास नुसते प्रश्न विचारून पुढच्या गोठ्याकडे जाणारा साथरोगतज्ज्ञ ही सुद्धा पशुपालकाला मिळणारी एक सेवाच आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. मी निवृत्त शिक्षक असून नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात नऊ संकरित गायी आणि त्यांची वासरे सांभाळतो. त्या दिवशी पथकातील ज्या बाई वही घेऊन गव्हाणीजवळच्या बाजेवर बसल्या, त्यांच्याकडे मी पहिली पंधरा मिनिटे रागानेच पाहत होतो, हे आधी कबूल करून टाकतो.

रोगाविषयी थोडे सांगणे भाग आहे. लम्पी हा देवीच्या कुळातील विषाणूमुळे होणारा गोवंशाचा रोग असून शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा विषाणू हा त्याचा जवळचा भाऊबंद आहे. १९२९ मध्ये आजच्या झांबियात त्याचे प्रथम वर्णन झाले, आणि भारतात तो नव्वद वर्षांनी, २०१९ मध्ये, ओडिशात आढळला. २०२० मध्ये तो महाराष्ट्रातही येऊन गेला होता. पण तेव्हा त्याचा फारसा बभ्रा झाला नाही. २०२२ मध्ये मात्र गुजरात आणि राजस्थानात गायी मोठ्या संख्येने दगावल्या, आणि ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात, चिनावल येथे, त्या वर्षीचा राज्यातील पहिला रोगी आढळला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना रावेर आपल्यापासून किती लांब आहे, असा सुखाचा विचार मी केला होता. पोळा होऊन दोन आठवडे उलटले नाहीत तोच आमची गौरी वैरणीला तोंड लावीनाशी झाली. अंगात ताप, डोळ्यांतून पाणी, खांद्यापुढची गाठ सुजलेली, आणि दुसऱ्या दिवशी मानेपासून कासेपर्यंत सुपारीएवढ्या टणक गाठी. चौदा लिटरवरून दूध तीन लिटरवर आले.

उपचार तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी केले आणि ते चांगले केले. विषाणूवर थेट औषध नाही, त्यामुळे ताप उतरवणे, फुटलेल्या गाठींत जंतू शिरू न देणे, जखमेवर माशी बसू न देणे आणि जनावर खाते-पिते ठेवणे एवढाच त्यांचा मार्ग होता. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याचे पथक आले. त्यात लस टोचणारे दोघे होते आणि पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य व साथरोगशास्त्र या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या त्या बाई होत्या. गावाने त्यांचे नाव ‘वहीवाल्या मॅडम’ असे पाडले. गौरीला त्यांनी बारकाईने पाहिले, एका गाठीची खपली आणि थोडे रक्त नमुन्यासाठी घ्यायला लावले, ते बर्फाच्या डब्यात ठेवल्याची स्वतः खात्री केली, आणि मग म्हणाल्या, “गुरुजी, आता गाय राहू द्या. मला गेल्या महिन्याभराचे सांगा.”

महिनाभराचेच का, हे मला नंतर कळले. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ नियमांच्या दृष्टीने अठ्ठावीस दिवसांपर्यंत धरतात, म्हणून त्या कालखंडात गोठ्यात काय काय आले आणि गोठ्यातून काय काय गेले याची उजळणी त्यांना हवी होती. प्रश्न साधे होते, पण एकामागून एक असे यायचे की माणसाला स्वतःचाच गोठा नव्याने दिसू लागावा. नवे जनावर विकत घेतले का, घेतले असल्यास कोणत्या बाजारातून, आणि त्याला आणणाऱ्या टेम्पोत आणखी कोणाची जनावरे होती? पोळ्याला बैल कुठे नेले, मिरवणुकीत कोणाच्या बैलांच्या शेजारी उभे केले? रेतन करायला कोण येते? गेल्या महिन्यात कोणत्या जनावराला कोणी इंजेक्शन दिले, आणि सुई नवी होती का? पाणी एकाच हौदावर पाजता का? उकिरडा कोणत्या बाजूला, सांडपाणी कुठे साचते, संध्याकाळी माश्या कोणत्या भिंतीवर बसतात? शेवटचा प्रश्न मला चेष्टेचा वाटला. तो तसा नव्हता. हा रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो, त्यामुळे माश्या कुठे बसतात आणि कुठे अंडी घालतात हे माहीत असल्याखेरीज फवारणी कुठे करायची हे ठरत नाही. आदल्याच दिवशी मी गोठ्याच्या छतावर आणि गायींच्या पाठीवर मनसोक्त फवारणी केली होती. शेण आणि ओली वैरण कुजत पडलेला मागचा कोपरा मात्र तसाच सोडला होता. त्यांनी तो कोपरा नकाशात लाल पेन्सिलीने रंगवला आणि पुढे गेल्या.

या सेवेचा पहिला गुण मला येथे दिसला. कोणाला दोष द्यायचा असा सूर त्यांच्या प्रश्नांत कुठेही नव्हता. आमच्या गावात एक खासगी इसम गोठ्यागोठ्यात जाऊन तापाची इंजेक्शने देतो आणि एकच सुई चार जनावरांना वापरतो, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणीही सरकारी माणसापुढे ते बोलले नसते. बाईंनी मात्र “कोण” हा प्रश्न बाजूला ठेवून “कोणत्या दिवशी, कोणत्या गोठ्यानंतर कोणत्या गोठ्यात” एवढेच विचारले, आणि लोक बोलते झाले. पस्तीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, उत्तर काढून घेण्याची ही हातोटी शिकवून येत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. गावात फिरण्याआधी त्यांनी रोगी जनावर कशाला म्हणायचे याची व्याख्या कागदावर लिहिली आणि सोबतच्यांना वाचून दाखवली. ताप आणि अंगावर टणक गाठी असतील तर संशयित. प्रयोगशाळेत विषाणू सापडला तर निश्चित. नुसता ताप असेल तर त्याची नोंद वेगळी. मला हे कारकुनी वाटले. परंतु गावात त्या आठवड्यात कीटक चावून अंगावर गांधी उठलेली जनावरे होती, खरचटलेली होती, आणि लम्पीच्या भीतीने मालकांनी ‘लागण’ ठरवून टाकलेलीही होती. ही सगळी एकाच रकान्यात गेली असती, तर साथ प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसली असती आणि लस व माणसे नको तिकडे गेली असती. उलट, खरी लागण गांधी समजून वगळली गेली असती, तर त्याहून वाईट झाले असते, आणि नेमके तेच आमच्या गावात झाले होते.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर त्यांनी चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर तारखा लिहिल्या आणि प्रत्येक संशयित जनावरासाठी, त्याला पहिला ताप आला त्या तारखेवर, एक एक चौकट काळी केली. जनावर आमच्या नजरेस पडले किंवा दवाखान्यात कळवले गेले ती तारीख त्यांना नको होती. ताप आला ती तारीख हवी होती. एखाद्या ठिकाणी बाजारातून आलेल्या एकाच खेपेमुळे सगळ्यांना लागण झाली असेल, तर चौकटींचा एकच उंच ढीग बनतो. एका जनावराकडून दुसऱ्याकडे रोग सरकत असेल, तर आधी एखादी चौकट, मग काही दिवसांची पोकळी, मग तीन-चार चौकटी अशा लाटा दिसतात. आमचा कागद दुसऱ्या प्रकारचा निघाला, आणि त्यात सगळ्यांत डावीकडची चौकट गौरीची नव्हती. ती वरच्या आळीतल्या एका कालवडीची होती. पोळ्याच्या आधीच तिला ताप येऊन गेला होता, अंगावर गाठी उठल्या होत्या, घरच्यांनी त्या गांधी समजून कडुनिंबाच्या पाण्याने धुतल्या होत्या, आणि ती बरीही झाली होती. म्हणजे गावात साथ ‘आली’ असे आम्ही ज्या दिवशी म्हटले, त्याच्या किती तरी आधी ती येऊन स्थिरावली होती.

या एका चौकटीमुळे पुढचे सगळे निर्णय बदलले. त्या वेळी बाधित गावाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण करण्याची पद्धत होती. पथकाने आमच्या वाडीपासून सुरुवात करायचे ठरवले होते, कारण कळवलेली जनावरे तेथे होती. कागद पाहिल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशीचा क्रम फिरवला. वरची आळी आणि तिच्या पलीकडची, अजून एकही गाठ न दिसलेली वस्ती आधी, आणि आमची वाडी नंतर. वाडीतल्या लोकांनी आरडाओरडा केला. मीही त्यात होतो. रोगी जनावराला लस देत नाहीत, त्याच गोठ्यातील इतर जनावरांत विषाणू कदाचित आधीच शिरलेला असतो, आणि टोचल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. तेव्हा हातात मोजक्या कुप्या आणि मोजकी माणसे असताना आग लागलेल्या घरापेक्षा त्याच्या पुढच्या गंजीवर आधी पाणी मारावे लागते. हे मला आज सहज लिहिता येते. त्या सकाळी आपल्या गायी सोडून दुसऱ्यांच्या निरोगी गायींकडे चाललेली लसीची पेटी पाहणे सोपे नव्हते. माझ्या नऊपैकी तीन गायींना लागण झाली आणि तिन्ही वाचल्या. एक वासरू गेले. पलीकडच्या वस्तीवर त्या हंगामात मला माहीत असलेल्या एकाही गोठ्यात गाठी दिसल्या नाहीत. हे सगळे क्रम बदलल्यामुळेच झाले असा दावा मी करणार नाही, कारण तसा दावा वहीवाल्या मॅडमनीही केला नसता.

लसीविषयी गावात जो गोंधळ होता, तोही त्यांनीच निस्तरला. “टोचूनही गाठी आल्या, मग लस बोगस” असे पारावर चालले होते. शिवाय ही लस मुळात शेळ्यांच्या देवीची आहे हे कळल्यावर तर लोकांना ती फसवणूकच वाटली. त्यांनी भाषण दिले नाही. प्रत्येक तक्रारदाराकडून टोचल्याची तारीख आणि ताप आल्याची तारीख विचारून शेजारी शेजारी लिहिली. बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींमध्ये आठवड्याचेही अंतर नव्हते. म्हणजे सुई टोचली तेव्हा विषाणू अंगात आधीच होता. आणि दोन विषाणू इतके जवळचे आहेत की एकाची लस दुसऱ्यापासूनही बराचसा बचाव करते, हे त्यांनी आमच्याच शाळेतले उदाहरण देऊन सांगितले: गायीच्या देवीपासून माणसाच्या देवीची लस निघाली, हा धडा मीच मुलांना शिकवत आलो होतो. तो माझ्या डोक्यात आधी का आला नाही, याची लाज वाटली. दूध पिऊन माणसाला लम्पी होतो ही अफवाही त्याच दिवशी थांबली. हा रोग माणसाला होत नाही, दूध नेहमीप्रमाणे उकळून प्यावे, एवढे दोन वाक्यांत सांगून त्यांनी आमच्याच दुधाचा चहा घेतला. दूध संकलन केंद्रावर त्या चहाचा परिणाम कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक झाला.

आमच्या आजोबांच्या पिढीला ही माणसे नवी नसावीत. बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथीने गोठेच्या गोठे रिकामे होत, ते त्यांनी पाहिले होते. त्या रोगाच्या अभ्यासासाठीच १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. बुळकांडीचा भारतातील शेवटचा रोगी १९९५ मध्ये आढळला, आणि २०११ मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. लसीने ती आटोक्यात आली हे सगळे सांगतात. पण शेवटच्या टप्प्यात लस मुद्दाम बंद करावी लागली आणि गावोगाव माणसे पाठवून “असा रोगी कुठे उरला आहे का” हे शोधावे लागले, कारण लस चालू असेपर्यंत रोग संपला आहे की नुसता झाकला आहे हे कळत नाही. वही घेऊन दारोदार फिरण्याला एवढी जुनी आणि एवढी यशस्वी परंपरा आहे.

याच्या उलट अनुभवही महाराष्ट्राच्याच गाठी आहे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा सुरुवातीला ती मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा नेहमीचा राणीखेत रोग, समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष येऊन १८ फेब्रुवारीला भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला, तोपर्यंत तीन किलोमीटरच्या परिघातील पक्षी मारून टाकण्याखेरीज मार्ग उरला नव्हता. त्याच नवापुरात २०२१ मध्ये तो रोग पुन्हा आला. आमच्या वरच्या आळीतली कालवड आणि नवापूरच्या त्या पहिल्या कोंबड्या यांत तत्त्वतः फरक नाही. ओळखीच्या रोगाचे नाव देऊन आपण अनोळखी रोगाला वेळ देतो. २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार अनुसूचित रोगाचा संशय आल्यास मालकाने गावपातळीवर किंवा ग्रामपंचायतीत कळवणे बंधनकारक आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले. शाळेच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ते कधी नव्हते.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत. आमच्या नमुन्याचा निकाल हाती आला तेव्हा गौरीच्या खपल्या पडून गेल्या होत्या. उपचारासाठी निकालाची गरज नव्हती हे मान्य. परंतु नुकसानभरपाईच्या अर्जात, आणि त्याहून अधिक शेजाऱ्याला पटवून देण्यात, त्या कागदाची गरज होती. शासनाने त्या वेळी दगावलेल्या दुधाळ गायीसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये आणि वासरासाठी १६,००० रुपये जाहीर केले होते. आमच्या वासराचे पैसे मिळाले, पण त्यासाठी तीच माहिती तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या तीन वेगवेगळ्या नमुन्यांत मला भरून द्यावी लागली. कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक असताना गायीचा रंग पुन्हा पुन्हा कशासाठी विचारतात, हे कोडे मला सुटलेले नाही.

बाजार बंदीची अंमलबजावणी ही दुसरी तक्रार. साथरोगतज्ज्ञाचा कागद सांगतो की रोग जनावरांच्या वाहतुकीबरोबर चालतो. म्हणून बाजार, शर्यती आणि वाहतूक यांवर बंदी आली, हे योग्यच होते. पण रात्री रस्त्यावरून टेम्पो जातच होते, आणि त्यांना अडवणे हे वहीवाल्या माणसाच्या अखत्यारीत नव्हते. सल्ला देणारा एक आणि तो अमलात आणणारे दुसरेच, अशी रचना असली की दोष नेमका कुठे आहे हे साथ संपल्यावरही ठरत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे, आणि तिच्यामुळेच मी पूर्ण गुण देऊ शकत नाही. आमच्याकडून घेतलेली माहिती वर गेली, ती परत खाली आली नाही. गावाचा नकाशा, चौकटींचा तो कागद आणि कोणत्या आळीत किती जनावरांना लागण झाली याचा हिशेब आम्ही तास तास बसून दिला होता. त्याचे एक पान जरी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले असते, तरी पुढच्या वेळी काय करायचे हे गावाला स्वतःचे स्वतः कळले असते. मी दोनदा विचारणा केली. अहवाल सादर झाला आहे, एवढेच उत्तर मिळाले. तो कोणाला सादर झाला, हे विचारण्याचे धाडस माझ्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकाला झाले नाही, कारण असे अहवाल मीही पुष्कळ सादर केलेले आहेत.

तरीही पाचपैकी साडेतीन गुण देताना माझा हात आखडत नाही, आणि त्यातले तीन तर त्या पहिल्या दिवसाच्या दीड तासासाठीच आहेत. ज्यांच्याकडे असे पथक येईल त्यांनी तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात असे सुचवतो: प्रत्येक जनावराचा बिल्ला क्रमांक, लस टोचल्याच्या तारखा, आणि गेल्या महिन्यात गोठ्यात आलेल्या माणसांची व जनावरांची आठवण. फवारणी, ओली वैरण उचलणे आणि रोगी जनावराची बादली वेगळी ठेवणे ही कामे पथकाची वाट पाहत ठेवू नयेत.

२०२३ च्या पावसाळ्यात लम्पी राज्याच्या काही भागांत पुन्हा दिसला. आमच्याकडे एका चार महिन्यांच्या वासराला ताप आला, तेव्हा गाठी उठण्याची वाट न पाहता मी ग्रामपंचायतीत लेखी कळवले आणि दवाखान्यात फोन केला. पलीकडून नवा, तरुण आवाज होता. त्याने वासराला कोणते औषध दिले हे विचारले नाही. पहिला ताप नेमका कोणत्या दिवशी आला, हे विचारले. ते मी कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवले होते.